‘प्रकृती स्थिर’ असं छापून आल्यानंतरचं वर्ष

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहतो, छोटं किराणा दुकान आहे आणि वडिलांनी लावलेली तीसेक हापूसची कलमं आहेत. तुमचा पेपर दुकानात रोज येतो, आधी मी वाचतो, मग गिऱ्हाईकं वाचतात आणि मग त्यातच शेंगदाणे बांधून जातात, राग मानू नका. तर एप्रिल उजाडला की तुमच्या जिल्ह्याच्या पानावर खाली कोपऱ्यात एक बातमी ठरलेली असते, आंबे काढताना झाडावरून पडून एक जखमी. तीन नाहीतर चार ओळी, आणि शेवटी ‘प्रकृती स्थिर असल्याचे समजते’. गेल्या वर्षी त्या चार ओळींत मी होतो. नाव पण चुकलं होतं पण ते जाऊदे. प्रकृती मात्र खरंच स्थिर होती, इतकी स्थिर की अडीच महिने खळ्याबाहेर, म्हणजे अंगणाबाहेर, पडलो नाही. परवा पुन्हा तशीच एक बातमी वाचली, टाचेला मार असं लिहिलंय, आणि वाटलं की त्या माणसाची पुढे काय वाट बघतंय ते कोणीतरी सांगायला पाहिजे कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे पत्र. लांब झालंय, हवं तर कापा, पण एनडब्ल्यूबीचं तेवढं कापू नका, ते काय ते पुढे येतंय.

पडलो कसा ते थोडक्यात सांगतो. वाशीच्या बाजाराला आंब्याच्या पेट्या जायच्या होत्या, गडी दोन दिवस आला नव्हता, आणि 52 वर्षांचा हा शहाणा स्वतःच झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, घेऊन चढला. दहा-बारा फुटांवर असेन. फांदी मोडली नाही की काही नाही, माझं लक्ष झेल्यातल्या आंब्याकडे होतं आणि पायाकडे नव्हतं एवढंच. उभाच्या उभा खाली आलो, खाली पाचोळा आणि पाचोळ्याखाली कातळ. डोक्यावर नाही पडलो, पायावर पडलो याचं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं हो. शेजारी धावत आले, एकाने सांगितलं ‘पाय मुरगाळलो असतलो, तेल लावून चोळ’, आणि चोळला पण. अजिबात चोळू नका. रात्रीपर्यंत पाय फणसाएवढा सुजला आणि तळवा निळा पडला. नंतर डॉक्टर म्हणाले उंचावरून पडल्यावर तळव्याला असं निळं दिसलं की टाचेचं हाड मोडल्याचा संशय घ्यायचाच, मुरगळलेल्या पायाला तळव्यात असं शक्यतो येत नाही.

दुसऱ्या दिवशी एक्सरे काढला तर डॉक्टरांनी पाठीचा पण काढायला लावला. मी म्हटलं पाठ ठीक आहे, उगाच पैसे कशाला. ते म्हणाले उभा पडलेल्या माणसाचा दणका टाचेतून वर मणक्यापर्यंत जातो, टाच मोडलेल्या दहातल्या साधारण एकाचा मणका पण दबलेला निघतो आणि पायाच्या दुखण्यापुढे त्याला ते कळत नाही. माझा मणका शाबूत होता, पण हे कारण मला इतकं पटलं की तेव्हापासून गावात कोणी पडलं की मी आधी पाठीचं विचारतो.

मग कोल्हापूर. तळेरे, वैभववाडी, घाट चढून गगनबावडा, भाच्याच्या मांडीवर पाय ठेवून गेलो आणि प्रत्येक वळणाला त्याला शिव्या दिल्या. तिथे सीटी स्कॅन झाला. टाचेचं हाड म्हणजे वरून पातळ कवच आणि आतून जाळीदार, आमच्या भाषेत सांगायचं तर घावन, तांदळाचं जाळीदार धिरडं. त्यावर वरून 68 किलो आदळल्यावर ते तुटत नाही, दबतं आणि फुटतं. टाचेचा एक कोन असतो, त्याला बोहलरचा कोन म्हणतात, चांगल्या टाचेत तो साधारण 20 ते 40 अंश भरतो, माझा 4 होता. टाच बसकी झालेली आणि बाहेरच्या बाजूला फुगून घोट्याखाली टेकायला लागलेली, म्हणून ऑपरेशन करू म्हणाले.

पण लगेच नाही! अकरा दिवस नुसतं थांबवलं. इकडे गावाहून फोनवर फोन, पैसे काढायला ठेवून घेतलंय, दुसरीकडे हलवा, अमक्याच्या पाहुण्याचं एका दिवसात झालं. अमक्याच्या पाहुण्याची मांडी मोडली होती, टाच नाही. टाचेच्या बाहेरच्या अंगाला कातडी पातळ असते, खाली मांस नावालाच. सूज असताना तिथे कापलं तर टाके धरत नाहीत, जखम उघडी पडते आणि मग आतल्या प्लेटपर्यंत पू जायची भीती. माझ्या पायावर तर पाण्याचे फोड पण आले होते. डॉक्टर रोज येऊन पाय थोडा हलवून कातडीला सुरकुत्या पडतात का बघायचे, सुरकुत्या दिसल्या तेव्हा तारीख दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा सुरकुत्यांची वाट बघितली. आणि त्या अकरा दिवसांतच विडी सुटली, म्हणजे सोडवली. धूम्रपान करणाऱ्याची आणि डायबेटीस असलेल्याची ही जखम भरायला त्रास देते, डॉक्टर सरळ म्हणाले ओढायची असेल तर मी कापत नाही.

ऑपरेशनबद्दल मला काही सांगायचं नाही कारण मी झोपेत होतो. एल आकाराचा काप, एक प्लेट, आठ स्क्रू. योजनेत बसलं त्यामुळे बिल नाही आलं. हातगुण चांगला, माणूस चांगला, आजही एक्सरे बघितला की मला त्या कामाचं नवल वाटतं, फुटलेलं घावन परत गोल करून दाखवलं त्या माणसाने. माझी तक्रार त्याच्यापुढच्या दिवसापासून सुरू होते आणि ती एका हॉस्पिटलविषयी नाही, मी नंतर दहा जणांना विचारलं, सगळ्यांचं तेच.

डिस्चार्जच्या दिवशी हातात एक कार्ड आणि गोळ्यांची पिशवी दिली. कार्ड सगळं इंग्रजीत. सिस्टर घाईत, डॉक्टर ऑपरेशन थेटरमध्ये, मागे दुसरा पेशंट बेडची वाट बघतोय. तोंडी एवढंच सांगितलं, ‘काळजी घ्या, पाय वर ठेवा, टाके काढायला या’. मी पण मान हलवली, आपण हलवतोच. कार्डावर गोळ्यांच्या नावांखाली लिहिलं होतं, ‘एनडब्ल्यूबी, आठ आठवडे’. आता मी दुकानदार माणूस, यादीत लिहिलेली वस्तू आणायची एवढं मला कळतं. पिशवीत सगळ्या गोळ्या होत्या आणि एनडब्ल्यूबी नव्हतं! बायकोला म्हटलं एक औषध द्यायचं राहिलं. चार दिवसांनी भाच्याला देवगडला मेडिकलमध्ये पाठवलं, तिथे नव्हतं तर कणकवलीला पाठवलं. कणकवलीच्या मेडिकलवाल्याने कार्ड बघितलं आणि म्हणाला, अहो हे औषध नाही, नॉन वेट बेअरिंग, म्हणजे आठ आठवडे पायावर अजिबात वजन टाकायचं नाही.

आणि त्या चार दिवसांत मी न्हाणीपर्यंत टाच टेकवत टेकवत जात होतो. हळूच, पण टेकवत.

काही बिघडलं नाही हे नशीब. पण विचार करा, प्लेट काय दगडी पूल आहे का? आतलं हाड सांधेपर्यंत सगळा भार त्या पातळ कवचावर आणि आठ स्क्रूंवर. वजन टाकलं तर वर उचलून बसवलेला भाग पुन्हा खचू शकतो, स्क्रू हलू शकतात. एवढं ऑपरेशन, एवढी कारागिरी, आणि ती टिकणार की नाही हे तीन इंग्रजी अक्षरांवर सोडून दिलेलं. मराठीत ‘पाय टेकवू नका’ लिहायला किती शाई लागली असती?

बरं, टेकवायचा नाही हे एकदा कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. पाय लाकडासारखा ठेवला, बोट पण हलवलं नाही. घरात सगळे पहारेकरी. बायको तर कोणी बघायला आलं आणि पलंगाला नुसता हात लावला तरी ओरडायची. टाके निघाले तेव्हा घोटा असा आखडला होता की दार गंजल्यासारखा. तेव्हा भाची आली, ती मुंबईत फिजिओथेरपी शिकते, तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. ती म्हणाली मामा, टेकवणं वेगळं आणि हलवणं वेगळं. वजन नाही टाकायचं, पण जखम सुकत आली आणि डॉक्टर हो म्हणाले की सांधा मात्र हलवत राहायचा, नाहीतर हाड जुळेल आणि पाय आखडलेलाच राहील. संपादक साहेब, ह्या एका वाक्यासाठी मी तीन आठवडे घालवले. बोटं तर पहिल्या दिवसापासून हलवायची होती म्हणे. ‘हलवायचं पण टेकवायचं नाही’, हे चार शब्द कार्डावर असते तर बास होतं.

तिने व्यायाम दिले ते साधेच. पाय वर-खाली. जमिनीवर टॉवेल पसरून खुर्चीत बसून बोटांनी ओढायचा. पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची, तिच्या पुस्तकात ए बी सी डी होती, मी म्हटलं मी बाराखडी काढतो. ट आणि ठ सोपे, ज्ञ काढताना डोळ्यांत पाणी येतं. शेजारची पोरं येऊन बसायची आणि काका आता कुठलं अक्षर ते ओळखायची, पैजा लावायची, माझं दुखणं म्हणजे त्यांना मे महिन्याची करमणूक. तळवा आत-बाहेर वळवायचा व्यायाम सगळ्यात वाईट, कारण टाचेच्या वरचा जो सांधा आहे तोच मोडलेला असतो आणि तळवा डावी-उजवीकडे कलतो तो त्याच सांध्यात. तो बहुतेकांचा पूर्वीसारखा होतच नाही, थोडा तरी कमी राहतो. हे पण आधी कोणी बोललं नव्हतं.

आता घरातलं सांगतो, कारण डॉक्टर ज्या फरशीवर आपल्याला चालवून बघतात ती फरशी आमच्याकडे नाही. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, ओटीवरून खळ्यात उतरायला चार पायऱ्या, न्हाणी मागे, संडास त्याच्याही मागे, आणि तो उकिडवं बसायचा. एका पायावर उकिडवं बसून बघा कधी. पहिले दोन दिवस काय झालं ते छापण्यासारखं नाही. मग गावातल्या सुताराने जुन्या लाकडी खुर्चीला मधे भोक पाडून दिलं, खाली बादली, आणि माझी अब्रू वाचली. बाजारात तयार कमोडची खुर्ची मिळते हे मला नंतर कळलं, भाड्याने पण मिळते म्हणे मोठ्या गावात. ऑपरेशन ठरलं त्या दिवशीच सांगितलं असतं तर अकरा दिवस रिकामेच होतो की, तेवढ्यात घरची सोय करून ठेवली असती. वॉकर आणायचा, कुबड्या की वॉकर ते ठरवायचं, खाटल्याची उंची, न्हाणीत बसायला स्टूल, हे सगळं करायला तेवढा वेळ पुरे होता.

पाय वर ठेवा म्हणतात ते किती वर? मी स्टुलावर ठेवायचो आणि सूज तशीच. भाची म्हणाली छातीच्या वर, म्हणजे आडवं पडून खाली उशा, गोधड्या काय मिळेल ते घालायचं. आम्ही तांदळाची अर्धी गोण घातली. पण दुकान कोण बघणार, मी दुपारी गल्ल्यावर बसायचोच आणि पाय खाली सोडला की दहा मिनिटांत वांग्यासारखा जांभळा. बायको माजघरातून ओरडायची, ‘पाय खाली सोडू नकात म्हणान कितीदा सांगायचा तुमका’, आणि गिऱ्हाईक म्हणायचं असू दे गे, साखर देऊंदे आधी. पाय खाली सोडल्यावर रंग बदलणं बरेच महिने चालतं आणि त्याला घाबरायचं नाही हे नंतर कळलं. पोटरी मात्र दुखायला लागली, एकाच बाजूने सुजली, किंवा दम लागला तर थांबायचं नाही, रक्ताची गुठळी असू शकते, लगेच डॉक्टर गाठायचा. ही गोष्ट खरी घाबरण्यासारखी, आणि हीसुद्धा मला डिस्चार्जच्या दिवशी कोणी सांगितली नव्हती.

आणि वर पाऊस. जूनमध्ये चिऱ्याच्या पायऱ्यांना शेवाळ धरलं, वॉकरची रबरी बुचं त्यावर साबणासारखी घसरतात. दोनदा जाता जाता वाचलो. शेवटी भाच्याने पायऱ्यांवर काथ्याची पायपुसणी खिळे मारून बसवली. आमच्याकडे कौलं परतायला चढलेले, माडावरून उतरताना घसरलेले, आंब्यावरून पडलेले असे बरेच लोक पावसाच्या तोंडावरच पडतात आणि पाय न टेकवायचा काळ नेमका भर पावसात येतो. कोल्हापूरच्या डॉक्टरला हे कसं कळणार, त्याला चिरा आणि शेवाळ माहीत नाही. आपण सांगायला पाहिजे, पण आपल्याला कोण विचारतो घरी पायऱ्या किती आहेत म्हणून.

आठचे दहा आठवडे झाले. मग एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले आता हळूहळू वजन टाका. हळूहळू म्हणजे किती? हा प्रश्न मी विचारला तर ते हसले आणि म्हणाले सहन होईल तेवढं. आता सहन करण्यात कोकणी माणसाचा हात कोण धरणार, त्या हिशोबाने मी पहिल्याच दिवशी पळालो असतो. इथे मात्र माझा धंदा कामी आला. दुकानात पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा आहे. भाचीने फोनवर सांगितलं, चांगला पाय बाहेर, दुखरा काट्यावर, दोन्ही हात वॉकरवर, आणि काट्यावर 10 किलो येईपर्यंतच दाबायचं. 10 किलो म्हणजे पायाला काय वाटतं ते लक्षात ठेवायचं आणि दिवसभर तेवढंच टाकायचं. मग काही दिवसांनी 20, मग 30. मला आधी वाटत होतं मी 10 टाकतोय तेव्हा काटा 26 दाखवत होता! आपल्या पायाला किलो कळत नाहीत. ज्यांच्याकडे पोत्यांचा काटा नाही त्यांनी बाथरूमचा वजनकाटा वापरावा, किंवा माझ्या दुकानात यावं, चहा पण मिळेल.

कणकवलीला फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा जायला सांगितलं होतं. तीनदा गेलो एकूण. नांदगाव तिठ्यापर्यंत आणि पुढे, जायला-यायला गाडीचे पंधराशे रुपये, फी 300, अख्खा दिवस आणि दुकान बंद. फी मला परवडत होती, गाडी नाही. आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात हाडाचा डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतो पण फिजिओथेरपीवाला नाही. माझी भाची होती, फोनवर व्हिडिओ लावून ओरडायची. सगळ्यांची भाची फिजिओथेरपी शिकत नसते ना.

गणपतीत काठी घेऊन उभा राहिलो. मूर्ती दरवर्षी मी आणतो डोक्यावरून, शाळेपासून पुढे मळ्याच्या बांधावरून. यावेळी भाच्याने आणली आणि मी मागून काठी टेकत. सपाट रस्त्यावर तोपर्यंत बरा चालत होतो, पण बांधावर आलो आणि कळलं की आतल्या सांध्याचं काय झालंय. पायाखाली एक ढेकूळ आलं की चांगला पाय आपोआप कलतो, हा कलत नाही, अख्खा माणूसच कलतो. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मला चालवून ‘व्हेरी गुड’ म्हणाले होते. कोकणात कॉरिडॉर कुठे आहे? घाटी, बांध, पाणंद, कातळ, वाळू, हेच आहे. अंगणातल्या वाळूत आणि जांभ्याच्या खडीवर मुद्दाम चालायची सवय मी नंतर केली, एका हाताने गडग्याला धरून, त्याने फरक पडला असं माझं मत.

दसऱ्याला काठी सुटली. आता एप्रिल, एक वर्ष झालं. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं म्हाताऱ्यासारखी पडतात मग सुटतो. संध्याकाळी अजून थोडी सूज. पायाच्या बाहेरच्या कडेला बधिर आहे, कापाजवळून जी नस जाते तिला धक्का लागला की असं होतं. टाच आधीपेक्षा रुंद झालीय, जुनी चप्पल जात नाही, एक नंबर मोठा बूट आणि आत मऊ गादी, बूट घालून गल्ल्यावर बसतो तर लोक विचारतात कुठे लग्नाला चाललात काय. उकिडवं नीट बसता येत नाही, मोटरसायकलचा ब्रेक उजव्या पायाला म्हणून अजून भाच्याच्या मागे बसतो. दीड-दोन वर्षांपर्यंत सुधारणा होत राहते म्हणतात. आणि पुढे त्या सांध्यात संधिवात झाला, फारच दुखायला लागलं, तर सांधा जोडून टाकायचं दुसरं ऑपरेशन असतं. हे सगळं मी रडगाणं म्हणून सांगत नाही, मला आधी माहीत असतं तर सहाव्या महिन्यात ‘माझंच काहीतरी चुकलंय, प्लेट सरकली’ म्हणून रात्र रात्र जागलो नसतो. सहाव्या महिन्यात दुखणं हे ठरलेलंच असतं म्हणे.

भाचीने एक गोष्ट दाखवली ती इथे लिहितो, जाणकारांनी चूक असेल तर सुधारावी. ब्रिटनमध्ये 22 हॉस्पिटलांत टाच मोडलेल्या 151 लोकांवर अभ्यास झाला, अर्ध्यांचं ऑपरेशन, अर्ध्यांचं नाही, 2014 साली छापून आला. दोन वर्षांनी दोन्हीकडचे लोक जवळपास सारखेच होते, उलट ऑपरेशनवाल्यांत जखमेची आणि बाकीची गुंतागुंत जास्त, 23 टक्के, दुसरीकडे 4. माझ्यासारखी टाच फारच वेडीवाकडी झालेले त्यात घेतले नव्हते, त्यामुळे माझं ऑपरेशन उगाच झालं असं मी म्हणत नाही आणि कोणी हे वाचून डॉक्टरशी भांडायला जाऊ नका. मला त्यातून एवढंच कळलं की जिथे मोठमोठे डॉक्टर कापायचं की नाही यावरच वाद घालतात तिथे नंतरचे महिने कसे काढले याला किंमत असणारच. आणि त्या महिन्यांसाठी आपल्याकडे काय आहे, तर एक इंग्रजी कार्ड.

आमच्याकडे पूर्वी एक गडी होता, पोफळीवरून पडला, वीस वर्षं झाली असतील. टाचच गेली असणार, तेव्हा कोणी एक्सरे पण काढला नाही, पंधरा दिवसांनी कामाला आला कारण न येऊन खाणार काय. तो आजही बाहेरच्या कडेवर चालतो. त्याला आम्ही लंगडो म्हणायचो. मी पण म्हणायचो. आता रस्त्यात दिसला की मी त्याच्या पायाकडे बघतो आणि तो माझ्या, आणि आम्ही पावसावर बोलतो.

शेतकऱ्यांसाठी सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदानाची योजना आहे, त्यात मृत्यू झाला किंवा दोन अवयव, डोळे गेले तर 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख. चांगली गोष्ट आहे, मोठ्या हानीसाठीच ती केलेली आहे. पण पाय जागेवर आहे आणि सहा महिने कामाचा नाही, अशा मजुराचं काय, तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. माझं दुकान होतं, खुर्चीत बसून चाललं. रोजावर आंबे काढणाऱ्याचं काय चालणार?

तर माझं मागणं मोठं नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, सिंधुदुर्गात 2021 पासून आणि रत्नागिरीत 2023 पासून, तिथल्या हाडाच्या विभागांनी मिळून एक कागद करावा. एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरांत. पाय कधीपर्यंत टेकवायचा नाही, काय हलवायचं, किती वर ठेवायचा, काय झालं तर धावत यायचं, आणि घरी जायच्या आधी काय तयारी करायची. त्यात शेवाळाची पायरी आणि उकिडवा संडास हे पण असू दे. कोल्हापूर, गोव्यात बांबोळी, मुंबईला ऑपरेशन झालेल्यांना पण तो कागद इथल्या दवाखान्यातून मिळावा. आणि एप्रिल ते ऑक्टोबर तरी प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपीवाला बसवावा, पेशंट कमी पडणार नाहीत, मी स्वतः आमच्याच पंचक्रोशीतले चार आणून देतो.

आणि तुम्हाला एक विनंती. ती चार ओळींची बातमी देता तेव्हा खाली पाचवी ओळ टाका, उभं पडला असेल तर पाठीचा पण एक्सरे काढा आणि पाय चोळू नका. जागा लागत नाही फार.

झाडावर चढूच नये हे सांगणारे आता पत्र लिहितील त्यांना आधीच उत्तर देऊन ठेवतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला माझ्याकडे आहे, चांगला आहे, देठासकट आंबा निघतो, जमिनीवरून जेवढं पोचतं तेवढं पोचतं. माझ्या वडिलांची कलमं पन्नास वर्षांची, शेंड्याचा आंबा झेल्याला भीक घालत नाही. छाटून बुटकी करायची म्हणतात, दोन केलीत यंदा, बाकीच्यांना हात लावायला मन होत नाही. यावेळी वर गडी चढतोय, कमरेला दोरी बांधून, त्याशिवाय मी चढू देत नाही, आणि मी खाली पेटीत गवत घालत बसतो. बायकोने शिडी माहेरी नेऊन ठेवलीय. ‘ती आता तुमका गावची नाय’ म्हणते.

कळावे,
आपला एक वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव छापू नये, गेल्या वर्षी चुकीचं छापलं होतं ते चालेल)

ता. क. ते एनडब्ल्यूबीचं कार्ड दुकानात गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंय. मेडिकलवाल्याने मागे पेनाने मराठीत अर्थ लिहून दिलाय, फोटो हवा असेल तर भाचा पाठवेल.